आभार मानायचे नाहीत

पंप कमरेला बांधूनच घरी येते निबिया,
सेहेचाळीस तासांसाठी.
आम्ही त्याला भाडेकरू म्हणतो.
दर दीड मिनिटाला खाकरतो,
भाडं देत नाही, रात्री दोघांच्या मध्ये झोपतो.
कुशीवर वळायचं तर आधी त्याची नळी सोडवायची.
पहिल्या खेपेला मी त्याचं खाकरणं मोजत जागा राहिलो.
ही सातवी. आता तो थांबला
तरच जाग येते.

फ्रिज तिला बंद आहे.
गार दांडीला बोट लागलं की
काचेचा चुरा भरतो म्हणते, नखांच्या आत.
दांडीवर मी माझा जुना लोकरी मोजा चढवलाय.
तरी दूध काढायचं मीच,
आणि ते टेबलावर माणसात येईपर्यंत
थांबायचं तिने.
जुलै आहे. पायसांदूत नदीवरचा वारा
न विचारता स्वैपाकघरात शिरतो.
ती इस्त्री काढून बसते. माझे शर्ट,
मग उशांचे अभ्रे, मग सायकली पुसायची फडकी.
दुकानात माझ्याकडे आता
कडक घडीची फडकी असतात.

काल भांडलो.
रश्श्यात मीठ नाही म्हणाली. होतं.
मग जास्त आहे म्हणाली.
मग म्हणाली, गंजका खिळा चोखल्यासारखं लागतंय सगळं.
मी म्हणालो, दुसरं काही बोल ना कधी.
हे मी म्हणालो.
कुठली साखळी कुठे कुरकुरते ते
रस्त्यापलीकडून कानाने ओळखणारा माणूस.
तिने ताट सरकवलं. कुत्र्याने चाटूनपुसून संपवलं.
त्याला मीठ बरोबर वाटलं.

आमच्याकडे माते एकाच नळीने पितात.
भोपळ्याची वाटी, कडू पाला, वरून गरम पाणी;
एकाने भरायची, सगळ्यांत फिरवायची.
पहिली वाटी जहर कडू. ती भरणाऱ्याची.
वेड्याची वाटी म्हणतात तिला.
ती माझी, दुसरी तिची,
लग्नाच्या आधीपासून.
आणि वाटी परत देताना कुणी आभार मानले
तर अर्थ एवढाच: पुरे. आता मला नको.
म्हणून हा शब्द आमच्या घरात
वरच्या फळीवर असतो.

मे महिन्यात सुल्मा नर्स म्हणाली,
पांढऱ्या पेशी उतरल्यात, वाटी वेगळी करा, नळी वेगळी करा.
रांगेत उभे राहा म्हणावं तशी म्हणाली.
चांदीची नळी तिला तशीही सोसेना. तोच गंज.
मग मी ओढ्याकाठचा बारीक कळक तोडून आणला,
आतून तारेने खरवडला,
सायकलचा स्पोक लाल तापवून टोकाला भोकं पाडली,
दोनदा उकळला.
पहिली नळी चिरली. दुसरी ओठाला टोचली.
तिसरीवर ती काही बोलली नाही, म्हणजे जमली.

तरी टेबलावर दोन वाट्या म्हटल्यावर
हात मध्येच थांबतो.
कुणाला द्यायची?
जिची तिच्यापाशी आहेच.
पाळी नाही तर गप्प बसायलाही
कारण उरत नाही.

रात्री अडीचला पंपाने शिट्टी घातली.
नळी दुमडली होती. सरळ केली.
पांघरुणाबाहेर तिचे पाय, बर्फ.
एका पायात मोजा घातला,
दुसरा हातात,
आणि ती अंधारात म्हणाली,
"ग्रासियास, हेबेर."

मी तसाच.
टाच तळहातावर, मोजा अर्धा.
भाडेकरू एकदा खाकरला.
पुन्हा खाकरला.

"मोज्याबद्दल," ती म्हणाली.
"मोज्याबद्दल म्हटलं, वेड्या.
आता उठवलंच आहेस तर
पाणी ठेव."

ठेवलं.
मातेचं पाणी उकळू द्यायचं नसतं.
तेवढ्यावर नजर ठेवून
उभा राहिलो.